इपॉक्सी आणि पॉलिएस्टर रेझिन घट्ट कसं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेझिनच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. चिकट राहिलं, कपातच उकळलं, तडकलं, मध्येच नरम राहिलं. बहुतेकींच्या मुळाशी एकच गैरसमज सापडतो: दोन्ही रेझिनमध्ये घट्ट होण्यासाठी जे मिसळायचं असतं त्याच्या बाटल्यांवर ‘हार्डनर’ लिहिलेलं असतं, म्हणून दोन्हींत तो एकच काम करत असणार असं धरून चालणं. तो करत नाही.

रेझिन सुकतं म्हणजे नेमकं काय होतं?

ते सुकत नाही. रंग सुकतो तेव्हा त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं आणि उरलेला भाग पृष्ठभागावर बसतो. रेझिनमधून काही उडून जायचं नसतं. त्यातले छोटे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडले जातात आणि शेवटी सगळ्या वस्तूभर पसरलेलं एक जाळं तयार होतं. म्हणूनच पंखा लावून किंवा उन्हात वारं देऊन रेझिन ‘वाळवता’ येत नाही. ऊन उपयोगी पडलंच तर ते उष्णतेमुळे.

याच जाळ्यामुळे घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. तापवलं तर थोडं मऊ पडेल, फार तापवलं तर जळेल, पण परत पातळ होणार नाही.

मग इपॉक्सीचा हार्डनर आणि पॉलिएस्टरचा हार्डनर यांत फरक काय?

इपॉक्सीच्या रेणूच्या टोकांना तीन अणूंची चिमुकली कडी असते: दोन कार्बन, एक ऑक्सिजन. इतक्या लहान कडीत अणूंमधले कोन ६० अंशांच्या आसपास दाबले जातात. त्यांना मोकळेपणी बसायला साधारण १०९ अंश लागतात. त्यामुळे ती कडी ताणलेल्या स्प्रिंगसारखी उघडायला टपलेली असते. हार्डनर बहुधा अमाइन जातीचा असतो. त्यातल्या नायट्रोजनवरचा एकेक हायड्रोजन एकेक कडी उघडतो आणि नायट्रोजन तिथे कायमचा जोडला जातो. म्हणजे हार्डनर जाळ्याचा भाग होतो. एका हायड्रोजनला एक कडी, असा रोखठोक हिशोब.

पॉलिएस्टरचं तंत्र वेगळं आहे. डब्यातल्या पॉलिएस्टरमध्ये आधीच तयार झालेल्या मध्यम लांबीच्या साखळ्या असतात आणि त्या स्टायरीन नावाच्या पातळ द्रवात विरघळवलेल्या असतात. स्टायरीनचं प्रमाण साधारण ३५ ते ४५ टक्के; डबा उघडल्यावर येणारा उग्र वास त्याचाच. साखळ्यांमध्ये ठिकठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात, स्टायरीनमध्येही एक असतो. हार्डनर म्हणून जे थेंब घालतो ते असतं पेरॉक्साइड, बहुतेक वेळा मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, म्हणजे एमईकेपी. ते फुटून मुक्त मूलके, म्हणजे कशाशी तरी जुळायला उतावीळ असलेले रेणूंचे तुकडे, तयार होतात. एक मूलक एका दुहेरी बंधाला भिडलं की तो बंध उघडतो, पुढच्याला भिडतो, तो त्याच्या पुढच्याला. स्टायरीन शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधत जातं. चेनचा धावक एकदा बसला की दात आपोआप गुंतत जावेत, तसं.

थोडक्यात, इपॉक्सीचा हार्डनर भिंतीतली वीट आहे आणि पॉलिएस्टरचा हार्डनर ठिणगी. विटा कमी पडल्या तर भिंतीला भोकं राहतात. ठिणगी थोडी लहान-मोठी असली तरी आग लागते, फक्त लवकर किंवा उशिरा. खालची निम्मी उत्तरं या एका फरकातून निघतात.

हार्डनर थोडा जास्त घातला तर लवकर घट्ट होईल ना?

पॉलिएस्टरमध्ये हो, पण मर्यादेतच. नेहमीचं प्रमाण रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. उकाड्यात खालच्या बाजूला राहावं, गारठ्यात वरच्या. १ टक्क्याच्या खूप खाली गेलात तर ठिणग्या मध्येच विझतात आणि माल अर्धवट राहतो. ३ टक्क्यांच्या पुढे गेलात तर रेझिन भलतंच तापतं, तडकतं आणि साखळ्या आखूड राहिल्यामुळे ठिसूळही होतं.

इपॉक्सीमध्ये नाही, अजिबात नाही. जास्तीच्या हार्डनरला जोडायला कड्याच उरत नाहीत. तो जाळ्यात मोकळा भटकत राहतो आणि सगळं रबरासारखं करून ठेवतो. मी पहिल्यांदा इपॉक्सी हातात घेतलं तेव्हा ‘लवकर व्हावं’ म्हणून हार्डनर दीडपट घातला होता. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा ठसा उमटत होता, महिन्याभरानेही उमटत होता. वेग बदलायचा असेल तर हार्डनरचं प्रमाण नाही, हार्डनरच बदलावा लागतो. जलद आणि संथ असे वेगळे हार्डनर मिळतात.

हे प्रमाण ठरतं कसं? प्रत्येक बाटलीवर वेगळं का असतं?

हायड्रोजन मोजून. एक उदाहरण बघा. नेहमीच्या द्रव इपॉक्सीत साधारण १९० ग्रॅममागे कड्यांचा एक ‘मोल’ (रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) असतो. ट्रायइथिलीनटेट्रामाइन या हार्डनरचं रेणुभार १४६, आणि त्याच्या एका रेणूत कामाचे हायड्रोजन सहा. १४६ भागिले ६ म्हणजे सुमारे २४.३. म्हणजे १९० ग्रॅम रेझिनला २४.३ ग्रॅम, शंभराला जवळपास १३. दुसऱ्या हार्डनरचे रेणू मोठे असतील तर त्याच कामाला ३० किंवा ५० ग्रॅमही लागतील. २:१ चांगलं आणि ५:१ वाईट असं काही नसतं. एका कंपनीचा हार्डनर दुसऱ्या कंपनीच्या रेझिनला अंदाजाने लावू नका, एवढंच यातून घ्यायचं.

वजनाने मोजायचं की मापाने?

बाटलीवर जसं लिहिलंय तसं. ही टाळाटाळ वाटेल, पण चूक इथेच होते. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं: रेझिनची घनता १.१ ते १.१६ च्या घरात, बऱ्याच अमाइन हार्डनरची १ च्या आसपास किंवा कमी. त्यामुळे मापाने दिलेलं २:१ वजनाने तसंच राहत नाही. निवड माझ्यावर सोडली तर वजनाने. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा असला की भांडण मिटतं.

मोजलं बरोबर, तरी काही ठिकाणी नरम डाग राहिले. का?

मिसळणं कमी पडलं. कपाच्या भिंतीला आणि बुडाच्या कोपऱ्याला चिकटलेलं रेझिन ढवळण्यात येत नाही, आणि ओतताना शेवटी कप खरवडला की नेमकं तेच वस्तूवर पडतं. तीन-चार मिनिटं सावकाश, कडा आणि बूड खरवडत ढवळा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एखादं मिनिट ढवळा. दोन कपांची ही पद्धत कंटाळवाणी आहे, पण तिने नरम डागांची तक्रार बहुतेक संपते.

राहिलेला नरम डाग वाट पाहून कडक होत नाही. तो खरवडून काढायचा, ॲसिटोनने पुसायचा आणि तिथे नीट मिसळलेलं नवं रेझिन भरायचं. नरम थरावर नुसता नवा थर चढवणं म्हणजे चिखलावर फरशी बसवणं.

कपात रेझिन एकदम गरम झालं, धूर आला. हे काय होतं?

कडी उघडताना किंवा दुहेरी बंध जुळताना उष्णता बाहेर पडते. पातळ थरात ती हवेत निघून जाते. कपात मात्र रेझिन गठ्ठ्याने असतं आणि रेझिन उष्णतेचं वाहक म्हणून अगदीच सुमार. मधली उष्णता बाहेर पडत नाही, तापमान वाढतं, तापमानाने क्रिया वेगावते, त्याने आणखी उष्णता. ढोबळ हिशोब असा की दर १० अंश सेल्सिअसला वेग दुप्पट होतो. २५ अंशांवर सुरू झालेलं मिश्रण ६५ ला पोचलं की वेग सोळापट. तिथून पुढे ते तुमच्या हातात राहत नाही.

बाटलीवरचा ‘पॉट लाइफ’चा, म्हणजे कालवल्यावर काम करायला मिळणाऱ्या वेळेचा आकडा बहुधा १०० ग्रॅम मिश्रणासाठी आणि एका ठरावीक तापमानाला मोजलेला असतो. अर्धा किलो एकदम कालवलं तर तो आकडा विसरा. कालवल्याबरोबर मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतलं तर बराच जास्त वेळ मिळतो. जाड वस्तू ओतायची असेल तर संथ हार्डनर घ्या किंवा थर देत जा. रेतीसारखं भरण घातलं तरी उष्णता शोषली जाते.

कप तापायला लागलाच तर तो उघड्यावर, जळणार नाही अशा जागी ठेवा आणि लांब उभे राहा. झाकण लावू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. धुरात श्वास घेऊ नका.

पॉलिएस्टर बराच वेळ पातळ राहतं आणि मग एकदम जेल होतं. इपॉक्सी हळूहळू घट्ट होतं. असं का?

पॉलिएस्टरमध्ये हायड्रोक्विनोनसारखा एक रोधक मुद्दाम घातलेला असतो, नाहीतर ते डब्यातच जमलं असतं. सुरुवातीची मूलकं तो गिळून टाकतो. तो संपेपर्यंत काहीच होत नाही असं वाटतं. संपला की साखळ्या धडाधड जुळतात, आणि प्रत्येक साखळीवर अनेक दुहेरी बंध असल्याने जेमतेम काही टक्के बंध जुळले तरी सगळं मिश्रण जेल होतं. त्यानंतर खरी उष्णता बाहेर पडते. जाड तुकड्यात तापमान १५० अंशांच्याही वर जाऊ शकतं.

इपॉक्सीत रेणू टप्प्याटप्प्याने वाढतात. दोन कड्यांचं रेझिन आणि चार हायड्रोजनचा हार्डनर घेतला तर गणिताप्रमाणे सुमारे ५८ टक्के क्रिया झाल्यावर जाळं पहिल्यांदा सलग होतं. तोवर ते मधासारखं दाट होत जातं आणि काम करणाऱ्याला इशारा मिळतो. पॉलिएस्टर इशारा देत नाही. ब्रश हातात असतानाच जेल होतं.

पॉलिएस्टरचा वरचा थर चिकट राहतो, साच्याकडची बाजू मात्र छान कडक. काय चुकलं?

काही चुकलं नाही. हवेतला ऑक्सिजन मूलकांना पकडतो आणि त्यांचं जे काही करून टाकतो ते पुढे साखळी वाढवायला फार आळशी असतं. हवेला लागून असलेला पातळ थर त्यामुळे अर्धवट राहतो. साच्याच्या बाजूला हवा नसते, म्हणून ती बाजू कडक.

फायबरचे थर चढवताना हा चिकटपणा फायद्याचाच असतो, पुढचा थर त्याला रासायनिकरीत्या जुळतो. शेवटच्या थरात मात्र थोडं पॅराफिन मेण घातलेलं रेझिन वापरतात. रेझिन जमताना मेण वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. किंवा वरून प्लास्टिकची फिल्म पसरून हवा काढून टाकायची. मेणाच्या थरावर पुन्हा काही चढवायचं असेल तर आधी घासून मेण पूर्ण काढा, नाहीतर नवा थर पापुद्र्यासारखा सुटेल.

इपॉक्सीवरही तेलकट, पांढुरका थर येतो. तेही ऑक्सिजनमुळे?

नाही. अमाइनला हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा आवडतो. तिघं मिळून पृष्ठभागावर कार्बामेट तयार करतात; हात लावला तर मेणचट लागतं. दमट, गार हवेत आणि संथ हार्डनरबरोबर हे जास्त होतं. उपाय सोपा आहे: कोमट पाणी आणि खरबरीत स्पंज. हा थर पाण्यात विरघळतो. आधी पॉलिश पेपर मारायची घाई करू नका, तो थर नुसता पसरतो आणि खाचांत भरतो. धुवा, कोरडं करा, मग घासा.

गारठ्यात रेझिन जमतच नाही. हार्डनर वाढवू?

पॉलिएस्टरला वरच्या प्रमाणापर्यंत वाढवा. पण १५ अंशांच्या खाली साध्या पॉलिएस्टरचं काम न केलेलंच बरं. इपॉक्सीला खोली गरम करा किंवा बाटल्या कोमट पाण्यात ठेवून मग कालवा. इपॉक्सी गारठ्यात ‘थांबलेलं’ असेल आणि प्रमाण बरोबर असेल, तर ऊब दिल्यावर ते पुढे चालू लागतं. चुकीच्या प्रमाणाचं आणि थंडीने थबकलेलं इपॉक्सी हाताला सारखंच लागतं. हेअर ड्रायरने अर्धा तास ऊब देऊन पाहिलं की कोणतं कोणतं ते कळतं.

दुसऱ्या दिवशी वस्तू कडक झाली. मग ‘सात दिवस थांबा’ असं का लिहितात?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण कडक होणं आणि क्रिया पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाळं दाट होत जातं तसं त्याचं ‘काच तापमान’ वाढत जातं. म्हणजे ज्या तापमानाखाली ते काचेसारखं ताठ असतं आणि ज्याच्या वर थोडं चामड्यासारखं, ती सीमा. सुरुवातीला ही सीमा खोलीच्या तापमानापेक्षा खाली असते. ती वाढत वाढत खोलीच्या तापमानाला गाठते तेव्हा रेझिन काचेसारखं ताठ होतं, आणि गंमत अशी की तिथेच ते स्वतःची वाट अडवतं. कड्या उरलेल्या असतात, हायड्रोजनही उरलेले असतात, पण कोणाला जागचं हलता येत नाही. पुढचं काम कासवाच्या गतीने. ते सात दिवस या कासवासाठी.

याचाच दुसरा परिणाम: खोलीच्या तापमानाला जमलेल्या इपॉक्सीची सीमा बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास अडकते. उन्हात उभ्या बंद गाडीत ती वस्तू वाकू शकते. ‘पोस्ट क्युअर’ म्हणजे हे अडकलेपण सोडवणं. वस्तू नीट जमल्यावर तिला हळूहळू तापवत ५०-६० अंशांवर काही तास ठेवतात, रेणू पुन्हा हलू लागतात आणि उरलेले बंध जुळतात. घाईने तापवलं तर वस्तू मऊ पडून आकार सोडते, म्हणून तापमान टप्प्याने चढवायचं.

आकसणं आणि तडे?

पॉलिएस्टर आकारमानाने साधारण ६ ते ८ टक्के आकसतं, आणि ते बहुतेक जेल झाल्यानंतर, म्हणजे वाहून जागा भरायची संधी गेल्यावर. म्हणून तडे जातात आणि आतल्या फायबर मॅटची वीण पृष्ठभागावर उमटते. इपॉक्सी कमी आकसतं, त्यातलाही बराच भाग द्रव असतानाच. अचूक मापाच्या कामाला लोक जास्त पैसे मोजून इपॉक्सी घेतात ते यासाठी.

पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं का? आणि उलट?

पूर्ण जमलेल्या, घासलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी खुशाल चालतं, धरही चांगली घेतं. उलट मात्र जपून. ताज्या इपॉक्सीवरचा मोकळा अमाइन पॉलिएस्टरचं जमणं बिघडवतो, सांध्यावर चिकट थर राहतो. इपॉक्सी पूर्ण जमून, धुऊन, घासून झालं असेल तरी ती जोड फक्त खाचांच्या पकडीवर टिकते. मी टाळतो. काही तेलकट लाकडांमधली नैसर्गिक द्रव्यंही पॉलिएस्टरला असंच अडवतात. शिसवीवर हा अनुभव येतो.

कोबाल्ट कशासाठी घालतात?

खोलीच्या तापमानाला एमईकेपी स्वतःहून नीट फुटत नाही. कोबाल्टचं संयुग त्याला फोडतं. रेझिनला येणारी जांभळट-गुलाबी छटा त्याचीच. बऱ्याच रेझिनमध्ये ते आधीच घातलेलं असतं, तसं असेल तर परत घालू नका.

आणि हे एक वाक्य दोनदा वाचा: कोबाल्ट आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र करू नका. आग किंवा स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतर एमईकेपी. दोघांसाठी मापं वेगळी, चमचे वेगळे, ठेवायच्या जागा वेगळ्या.

डब्यातलं इपॉक्सी पांढरं, खडेदार झालं. फेकून द्यायचं?

नाही. थंडीत त्याचे स्फटिक होतात. बाटली ५०-५५ अंशांच्या पाण्यात ठेवा, पूर्ण नितळ होईपर्यंत हलवत राहा, गार झाल्यावर वापरा. पॉलिएस्टर डब्यात घट्ट झालं असेल तर मात्र ते संपलं; त्याचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं, आणि उष्णतेत त्याहून कमी.

पिवळं का पडतं?

अतिनील किरणांमुळे, आणि अमाइनच्या ऑक्सिडेशनमुळेही. प्रतिबंधक द्रव्यं ते लांबवतात, थांबवत नाहीत. उन्हातली वस्तू रंगाने किंवा अतिनील रोखणाऱ्या वार्निशने झाकावी.

गाडीच्या पत्र्यावर भरायच्या लांबीबरोबर (पुट्टीबरोबर) येणारी ती ट्यूब, आणि दिव्याखाली जमणारं रेझिन, ही कुठल्या घराण्यातली?

गाडीची लांबी हे पॉलिएस्टरच, फक्त त्यातली ठिणगी बेंझॉइल पेरॉक्साइडची पेस्ट असते आणि तिला फोडायला कोबाल्टऐवजी अमाइन असतो. दिव्याखालचं रेझिन बहुधा ॲक्रिलेट. तिथे ठिणगी प्रकाशातून येते. गडद रंग घातला की प्रकाश आत पोचत नाही आणि खालचा भाग ओला राहतो.

हाताला लागलं तर?

साबण-पाणी. ॲसिटोनने हात धुऊ नका, त्याने त्वचेवरचं तेल निघून जातं आणि रेझिनला आत शिरायला वाट मिळते. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू जडते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. वर्षानुवर्षं उघड्या हातांनी काम करणाऱ्याला एक दिवस अचानक पुरळ उठतं. म्हणून नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा लावल्याशिवाय ती बाटली उघडायची नाही. गेलंच तर लगेच वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि पेट घेते. नुसती खिडकी उघडून भागत नाही, खालून हवा बाहेर ओढली गेली पाहिजे. अर्धवट जमलेल्या रेझिनची धूळ तर मास्कशिवाय उडवूच नका.

पूर्ण जमलं हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

नखाने दाबा, खूण उमटू नये. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला किंवा बोळ्याला रंग आला तर जाळं अजून अपुरं आहे. पॉलिएस्टरच्या वस्तूला नाक लावा. स्टायरीनचा वास ठसठशीत येत असेल तर अजून थांबा. कारखान्यात यासाठी बार्कोल नावाचं टोकदार सुईचं यंत्र वापरतात. माझी सवय याहून सोपी आहे: प्रत्येक वेळी कालवल्यावर कपाच्या तळाशी थोडं रेझिन राहू देतो, त्यावर तारीख आणि प्रमाण लिहितो, आणि जे काही वाकवून, नख मारून, तोडून बघायचं ते त्याच्यावर बघतो.